कुचर हुलग्यांचं साल

डिसेंबर लागला की माझ्या स्वयंपाकघरात हुलगे येतात आणि त्यांच्याबरोबर माझा एक जुना पराभवही येतो. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, खाली रिक्षांचे हॉर्न चालू असताना, मी ओट्यावर पिशवी उलटी करते. तपकिरी, काळपट, करडे, ठिपक्यांचे दाणे परातीत खडखडत पसरतात. त्यांना माती आणि ऊन यांचा मिळून एक वास असतो, तो दुकानातल्या पाकिटाला येत नाही. मी ते रात्री भिजत घालते, सकाळी पाणी ओतते आणि तळाशी न भिजता राहिलेले दहा-वीस दाणे बोटांनी शोधून काढते. पूर्वी मी ते केरात टाकत असे. आता पुसून एका बरणीत ठेवते, आणि नवरा विचारतो, "झाली का पूजा?" मी बरणीचं झाकण घट्ट लावते. त्याच्या वहिनीपुढे मी हरले ते त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय आणि त्याला ते फार आवडलं होतं. खरं सांगायचं तर मलाही.

न भिजणाऱ्या, न शिजणाऱ्या दाण्याला कुचर म्हणतात. उसळीत एखादा आला की दाताखाली कटकन वाजतो आणि जेवणारा वाढणारणीकडे बघतो. माझं माहेर बार्शीचं, वडिलांची धान्याची अडत. पोत्यांच्या थप्पीवर बसून मी पाढे पाठ केलेत. वडील पोत्यात हात घालून मूठभर दाणे तळहातावर घेत, फुंकर मारत आणि लगेच निकाल देत. टपोरा, एकसारखा, चकचकीत दाणा म्हणजे चांगला माल. बारीक, सुरकुतलेला, रंग उतरलेला म्हणजे बाजूला. पुढे मी रसायनशास्त्र शिकले, सोलापुरात कॉलेजात शिकवायला लागले, पण नजर अडतीचीच राहिली. तिच्यावर पदवीचा शिक्का बसला एवढंच, आणि शिक्का बसला की माणूस जरा जास्तच ठामपणे बोलू लागतो.

गौराक्का ही माझी थोरली जाऊ. तोंडावर मी तिला तुम्ही म्हणते, मनात मात्र कायम ती. अक्कलकोटच्या पुढे, जिथे लोक मराठीत सुरू केलेलं वाक्य कानडीत संपवतात, तिथे ती आणि माझे थोरले दीर शेती करतात. दिरांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. खालच्या रानात त्यांची ज्वारी आणि तूर असते. वरच्या अंगाला मुरमाड माळ आहे, नांगराचा फाळ लागला तर कर्रर्र असा आवाज येतो. तो माळ गौराक्काचा. तिथे हुलग्याशिवाय काही येत नाही, आणि हुलगाही तिचा स्वतःचा. लग्न होऊन आली तेव्हा सीमेपलीकडच्या माहेरून तिने तो गाठोड्यात बांधून आणला. तिची आई त्याला हुरळी म्हणायची. माहेरच्या त्या रानात आता ऊस उभा आहे, हुरळी तिथे कुणाकडेच उरली नाही. आमच्या गावातही बाकीच्यांनी ती कधीच सोडून दिली होती. म्हणजे ते बी फक्त एका घरात, एका पत्र्याच्या डब्यात, राखेत घोळवून ठेवलेलं होतं. हे मला तेव्हा माहीत होतं, पण त्याचा अर्थ डोक्यात शिरला नव्हता.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही असं म्हणता येणार नाही. आला, पण घाईतल्या पाहुण्यासारखा, चहाही न घेता निघून गेला. दसऱ्याला आम्ही गावी गेलो तेव्हा माळावर हुलग्याची झाडं वीतभर होती. दुपार झाली की पानं अंग चोरून उभी राहत. फुलं येत आणि गळून जात. झाडांखालच्या मुरमावर पिवळसर फुलं वाळून पडलेली, त्यांच्यावरून मुंग्या चालल्या होत्या. शेंगा लागल्या त्या आखूड, वाकड्या. एरवी शेंगेत पाच-सहा दाणे असायचे, तिथे दोन, कधी एकच. गौराक्का अंगठ्याने शेंग फोडायची, दाणा उन्हात धरून बघायची आणि पुढच्या झाडाकडे जायची.

काढणीला उपटणं, बडवणं, उपणणं, सगळं एका दुपारीत उरकलं. एरवी पोती भरायची, त्या जागी गोणपाटाच्या मधोमध एक छोटा ढीग. दाणा बारीक, सुरकुतलेला, नेहमीपेक्षा काळा. अण्णा ढिगाकडे बघत म्हणाले, "खाऊन टाकू हे. फुडल्या साली बाजारातनं नवं बी आनू की."

"ते बी हुलगंच असतील," गौराक्का म्हणाली, "पर हे नसतील."

त्या हिवाळ्यात त्या घरात माडगं झालं नाही. हुलगे भाजून दळायचे, त्या पिठाची गूळ घालून पातळ कढत पेज करायची, ते माडगं. थंडीत त्याचा एक पेला पोटात गेला की पायाच्या बोटांपर्यंत ऊब पोचते. आजारातून उठलेल्याला, बाळंतिणीला, कष्टाच्या माणसाला तेच देतात. गौराक्काने सगळं बियाणं म्हणून डब्यात भरलं आणि फक्त दोन मुठी माझ्या रुमालात बांधल्या. माझ्या कॉलेजला ती शाळा म्हणते. "तुज्या शाळंत बघ," ती म्हणाली, "खायला ह्यात किती जोर हाय आन् पेरायला किती जीव हाय. मला खरं काय ते सांग."

शेखमामा आमच्या प्रयोगशाळेचे परिचर. चष्मा कायम कपाळावर आणि हात कायम बरोबर. खलात दाणे कुटताना ते म्हणाले, "म्याडम, ये हुलगे नै, छर्रे हैं." माझ्या डब्यात चांगल्या सालचे शेवटचे दोन चमचे हुलगे उरले होते, तेही कुटून आम्ही दोन्हींची परीक्षा घेतली. प्रथिनांच्या चाचणीत जांभळा रंग येतो. दुष्काळी दाण्याचा जांभळा कणभर गडदच आला. माझा विश्वास बसेना, मी पुन्हा केलं, मग शेखमामांनी केलं. दाण्यात पिठूळ भाग कमी भरला होता, म्हणून प्रथिनांचा वाटा वर आलेला. भाकरी लहान झाली आणि मीठ तेवढंच राहिलं तर खारट लागते तसं. लोहाच्या चाचणीत नारिंगी रंग येतो, तो मात्र फिका पडला. कोरड्या मातीतून मुळांना ते ओढून घेता आलं नसावं. साध्या कॉलेजातल्या साध्या चाचण्या होत्या, त्यावर कुणी ग्रंथ लिहू नये. आणि मुळात दाणेच इतके कमी, की गडद जांभळा रंग बघून नाचण्यात अर्थ नव्हता. दुष्काळ अंगाला चांगला असतो असं मी कधीच म्हणणार नाही.

मी गौराक्काला फोनवर हे सगळं सोपं करून सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं. "लोखंड कमी पडलंय व्हय. मग लोखंडाच्या कढईत शिजवावं, वर चिंच घालावी. त्यात काय शाळा शिकायची." चिंचेच्या आंबटपणाने कढईचं लोह अन्नात उतरतं हे मी वर्गात फळ्यावर लिहून शिकवते. तिच्याकडे ती रोजची आमटी होती.

तरीही मी शहाणी झाले नाही. दुसरा प्रश्न उगवणीचा होता. मी शंभर दाणे मोजून ओल्या टीपकागदावर मांडले. चौथ्या दिवशी निम्म्याहून कमी दाण्यांना मोड आले. बाकीचे होते तसेच, टणक, फुगलेसुद्धा नाहीत. आठव्या दिवशीही तेच. शेखमामांनी चिमट्याने एक दाणा उचलला, उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "पानीच नै पिये ये लोगां." ते वाक्य मी नीट ऐकलं असतं तर पुढचा सगळा फजितवाडा टळला असता. पण परिचराने सांगावं आणि प्राध्यापिकेने ऐकावं अशी आमच्याकडे पद्धत नाही. मी वहीत लिहिलं, अर्ध्याहून जास्त बी मेलेलं आहे. लिहिताना मला वाईट वाटलं, पण आपण बरोबर आहोत याचा आनंदही झाला. तो आनंद मला अजून आठवतो आणि अजून लाज वाटते.

मे महिन्याच्या सुट्टीत गावी गेल्यावर मी उपाय सांगितला. बी रात्रभर भिजवायचं, सकाळी फुगलेले दाणे निवडून सावलीत सुकवायचे आणि तेवढेच पेरायचे. मेलेले पेरून माळ कशाला अडवायचा? गौराक्का सुपात काहीतरी पाखडत होती. तिने हात थांबवला नाही.

"खायचं ते निवडायचं," ती म्हणाली. "पेरायचं ते निवडायचं न्हाय. आमच्यात असंच."

"का पण, अक्का? कारण सांगा ना."

"कारन काय. आई निवडायची न्हाय."

तिच्या माहेरची ती रीतच होती. पेरणीचा हुलगा फक्त पाखडायचा, काडीकचरा काढायचा. बारीक, मोठा, सुरकुतलेला, कुचर, सगळा एकत्र पेरणीच्या पाभरीत ओतायचा. मला हे अडाणीपणाचं वाटलं आणि मी तसं, जरा बऱ्या शब्दांत, बोललेही. अण्णांना शिकलेल्या माणसाचं फार कौतुक. ते माझ्या बाजूचे झाले. ओसरीवर दोन दिवस आमचा वाद चालला, जेवताना थांबायचा आणि हात धुतल्यावर पुन्हा सुरू व्हायचा. शेवटी अण्णांनी तोड काढली. बी अर्धं अर्धं करायचं आणि माळाचेही दोन भाग. काठीने त्यांनी माळावर मधोमध रेघ ओढली. उगवतीचा भाग मास्तरणीचा, मावळतीचा गौराक्काचा. मास्तरीण म्हणजे मी.

पाऊस जुलैत आला. पेरणीच्या आदल्या रात्री अण्णांनी माझ्या वाट्याचं बी भिजवलं. सकाळी मी स्वतः बसून निवडलं, बार्शीच्या अडतीत बसावं तशी मांडी घालून. फुगलेले एकीकडे, कुचर दुसरीकडे. कुचरांचीच रास मोठी झाली. "ह्यांचं काय करू?" अण्णांनी विचारलं. "टाका कुठेही," मी म्हणाले. त्यांनी ते परसातल्या बोरीच्या काटेरी जाळीखाली भिरकावून दिले.

चार दिवसांत माझा भाग हिरवा झाला. एकसारख्या ओळी, एकसारखी उंची, शाळेच्या प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या मुलांसारखी रोपं. गौराक्काच्या भागात इथे एक, तिथे दोन, मधे नुसता मुरूम. मी फोटो काढले आणि स्टाफरूममध्ये दाखवले. गौराक्काशी त्या दिवशी मी फार गोड बोलले. ती म्हणाली, "छान आलंय की तुजं," आणि ते तिने मनापासून म्हटलं होतं. आपल्या भागातल्या मोकळ्या जागेत ती वाकून बोटाने माती उकरून बघत होती. मला वाटलं, बिचारीला पटत नाहीये.

मग पाऊस गेला. श्रावण कोरडा, त्याच्या पुढचे दिवसही कोरडे. रोज दुपारी ढग यायचे, गावावरून जायचे आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी रानात उतरायचे. मुरमात ओल किती धरणार? आधी खालची पानं पिवळी पडली, मग शेंडे माना टाकू लागले. आम्ही गेलो तेव्हा माझ्या सगळ्या ओळी तपकिरी झाल्या होत्या, हातात घेतलं तर चुरा होत होता. गौराक्काच्या भागात जी थोडी उगवली होती तीही वाळली होती. घरात तो पत्र्याचा डबा धुऊन पालथा घातलेला होता. मी त्याच्याकडे बघितलं आणि तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की संपलं म्हणजे काय. मी आग्रह केला नसता तरी पाऊस गेलाच असता, पण निदान माझ्या वाट्याचं बी मी इतक्या हौसेने, एकाच वेळी उन्हाच्या तोंडी दिलं नसतं.

गौराक्का बांधावर बसली होती. मी शेजारी जाऊन बसले.

"अक्का, माझं चुकलं."

"तुजं कुटं चुकलं. पावसाचं चुकलं." मग माळाकडेच बघत, "आईच्या हातचं तेवडंच हुतं गं माज्याकडं," असं म्हणून तिने पदराने तोंड पुसलं. वर्गात पंचेचाळीस मिनिटं न थांबता बोलणारी बाई मी, मुकाट्याने मुरमाचे खडे गोळा करत बसले.

त्यानंतरचे काही दिवस मला नीट आठवतही नाहीत. कॉलेज, तपासायच्या वह्या, घर. गावाकडून फोन आला की मी नवऱ्याच्या हातात द्यायची.

आणि सप्टेंबरात पाऊस आला. रीतसर, दमदार, चार दिवस लागोपाठ. त्याचं मला कौतुकही वाटलं नाही, उशीर झाला होता. आठवड्याने मी तिमाही परीक्षेच्या पर्यवेक्षणावरून बाहेर येते तोच फोन वाजला. व्हिडिओ कॉल, गौराक्काचा. तिने आयुष्यात कधी असा फोन केला नव्हता. आधी तिचा कान दिसला, मग कपाळावरचा विभूतीचा पट्टा, मग आभाळ, मग जमीन.

"बघ की," ती म्हणत होती. "बघ. दिसतंय न्हवं?"

पडद्यावर लाल मुरूम होता आणि त्याच्यात हिरवे ठिपके. ओळीने.

"काय आहे ते, अक्का?"

"कुचर. तुजं मेल्यालं."

मी कॉलेजच्या जिन्यात मटकन बसले. शेजारून परीक्षेची मुलं चालली होती, कुणी म्हणालं, म्याडम बरं वाटतंय ना. मला फार बरं वाटत होतं.

रविवारी आम्ही पहाटेची एसटी धरली. माळावर चढताना मी नवऱ्याच्याही पुढे होते. अण्णांनी ओढलेली रेघ पावसाने केव्हाच पुसली होती, पण ती कुठे होती हे आंधळ्यालाही सांगता आलं असतं. उगवतीकडचा माझा भाग स्वच्छ, रिकामा, एक कोंब नाही. मावळतीकडचा गौराक्काचा भाग भरलेला. जिथे जुलैत नुसता मुरूम होता, ज्या रिकाम्या जागा मी मनातल्या मनात मोजून तिची कीव केली होती, तिथेच आता रोपं होती. अडीच महिने ते दाणे मातीत पडून होते. पहिल्या पावसाला त्यांनी दार उघडलं नाही, नंतरच्या उन्हात ते बंदच राहिले, आणि आता आपल्या वेळेला उठले होते. नवऱ्याने विचारलं, "आणि त्या बोरीखाली काय फेकलं होतं रे अण्णा?" आम्ही चौघंही परसाकडे धावलो. बोरीच्या जाळीत, जिथे शेळीचं तोंडही पोचत नाही, मी टाकाऊ ठरवलेले हुलगे दाटीवाटीने उगवले होते. एकमेकांच्या खांद्यांवर चढून, काट्यांतून माना बाहेर काढून बघत होते. नवरा दगडावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. अण्णा हसले. मग मीही हसायला लागले ते मला थांबता येईना. गौराक्का मात्र हसली नाही. ती हात काट्यांत घालून एकेका रोपाला बोट लावत होती.

वनस्पतीशास्त्राच्या माझ्या सहकाऱ्याने नंतर समजावलं. मेलेला दाणा पाणी पितो, फुगतो आणि कुजतो. माझे दाणे कुजले नव्हते, त्यांनी पाणी घेतलंच नव्हतं. तहानेत आणि तापात पिकलेल्या दाण्याचं टरफल इतकं घट्ट होतं की ओल आत शिरत नाही. काही दाण्यांचं लवकर झिजतं, काहींचं उशिरा. बी तपासणाऱ्यांच्या तक्त्यात अशा दाण्यांचा वेगळा रकानाच असतो, मेलेल्यांत त्यांना धरत नाहीत. मी तो तक्ता कधी उघडून बघितला नव्हता. शेखमामांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, माझ्याकडे बघितलं आणि परत वर ठेवला. एवढीच शिक्षा त्यांनी मला दिली.

आता वर्गात मुलं काहीतरी विचारतात, एखादा मागच्या बाकावरचा मुलगा वर्षभर टणक बसून राहतो, आणि माझ्या हातून त्याच्या नावापुढे पटकन काही लिहिलं जात नाही. हा बदल माझ्यात हुलग्याने केला असं मी कुणाला सांगत नाही, लोक हसतील. पण दुष्काळाने त्या पिकाचं काय काय हिरावून नेलं हे मी मोजलं होतं, वजन, आकार, लोह. आणि त्याच दुष्काळाच्या तावडीत त्या झाडांनी आपल्या पोरांना काय देऊन ठेवलं हे माझ्या मोजण्यात आलंच नव्हतं. ते आठवलं की माझा ऊर अजून भरून येतो.

काढणी डिसेंबरात झाली. अर्ध्याच माळाची, पण शेंगा भरलेल्या होत्या, दाणा पुन्हा गोल आणि चकचकीत. मी मूठभर नेऊन चाचणी केली, नारिंगी रंग परत आला होता. खळ्यावर गौराक्का वाऱ्याकडे तोंड करून उपणत होती आणि भुसा तिच्या केसांत, भुवयांत बसला होता. बोरीखालचे हुलगे तिने वेगळे बडवले आणि त्याच ढिगात मिसळले. त्या दिवशी चुलीवर माडगं झालं. आम्ही सगळे पेले घेऊन खळ्याच्या कडेला उभे राहिलो आणि फुंकून फुंकून प्यायलो. एवढं चांगलं काही मी त्याआधी किंवा त्यानंतर प्यायलेले नाही.

बातमी गावभर झालीच होती. दुपारनंतर बाया येऊ लागल्या. ज्यांच्या घरात कधीकाळी हुलगा होता त्या म्हाताऱ्या, ज्यांनी तो कधी पेरलाच नव्हता त्या सुना, वेशीजवळच्या दर्जींच्या घरातली हसीनाबी, जिचा बांध आमच्या माळाला लागून आहे. गौराक्काने कुणाला नाही म्हटलं नाही. प्रत्येकीच्या पदरात सूप रिकामं करायची आणि कानडीत नाहीतर मराठीत एकच सांगायची, "निवडू नगा. हाय तसं पेरा." एकीने हळूच दोन दाणे नखाने बाजूला सारले तर तिने ते उचलून परत पदरात टाकले.

ऊन उतरलं तेव्हा गोणपाटावर पायलीभर हुलगा उरला होता. अण्णा त्याच्याभोवती एक फेरी मारून आले. "आगं, समदं वाटलंस की. आपल्याला काय ऱ्हायलं? फुडल्या साली पाऊस न्हाय आला तर?"

गौराक्काने कंबरेवर हात ठेवून पाठ सरळ केली, केसांतला भुसा झटकला आणि गावाच्या घरांकडे एकदा नजर फिरवली.

"न्हाय आला तर न्हाय आला," ती म्हणाली. "पडंना का दुष्काळ आता. कुनाच्या तरी घरात ऱ्हाईलच की."